चाक वळतं तेव्हा नळी कुठे जाते?

हात पूस, तो पाना खाली ठेव आणि इकडे ये. आज मी इंग्रजीत बोलणार नाही. वर्गातल्या बाकीच्यांना जे सांगायचं ते उद्या सांगेन. तुला जे सांगायचं आहे ते आपल्या भाषेत, तोंडावर आणि काहीही हातचं न राखता.

तुझा ट्रक काल संध्याकाळी मी लिफ्टवर घेतला. खालून सगळा बघितला. १९६६ सालचा फोर्ड एफ-१००, त्याचं मूळ ट्विन आय-बीम उतरवून क्राउन व्हिक्टोरियाचं पुढचं सस्पेंशन तू बसवलंस. पाळणा चौकटीत काटकोनात बसला आहे, दोन्ही बाजूंची मापं जुळतात, चेसिसला दिलेल्या पट्ट्यांचं वेल्डिंग सलग आणि खोल गेलेलं आहे. हे आधी सांगतो, कारण माझ्या रागाचं कारणही तेच आहे. ज्याच्या हाताला एवढं काम येतं, त्याला ब्रेकच्या नळ्या जमत नाहीत असं मी मानणार नाही. तुला त्या जमल्या असत्या. तू त्या उरकल्यास. सस्पेंशन बसलं, ट्रक चाकांवर उभा राहिला, फोटो काढून झाले आणि मग उरलेल्या वेळात, उरलेल्या सामानातून तू ब्रेक जोडलेस.

हे सस्पेंशन लोक का वापरतात ते तुला ठाऊक आहे. २००३ सालापासून क्राउन व्हिक्टोरियाला नवी चेसिस, अॅल्युमिनियमचा पाळणा आणि रॅक-पिनियन स्टिअरिंग आलं. पुढच्या कॅलिपरला दोन-दोन पिस्टन. २०११ च्या सप्टेंबरात ऑन्टारिओतल्या सेंट थॉमस इथल्या कारखान्यातून शेवटची गाडी बाहेर पडली, तोवर अमेरिकाभरातल्या पोलीस खात्यांनी आणि टॅक्सीवाल्यांनी या गाड्या ढिगाने घेतल्या होत्या. त्यामुळे भंगारवाड्यात त्या मुबलक मिळतात आणि अख्खा पुढचा भाग बोल्ट काढून खाली उतरवता येतो. सगळं खरं. पण तू तो भाग उचलून आणलास तेव्हा चाकाचा प्रवासही बदलून आणलास, आणि त्याचा विचार तू एकदाही केला नाहीस.

जुन्या आय-बीमचं एक टोक चाकापाशी आणि दुसरं टोक चेसिसच्या पलीकडच्या बाजूला अडकवलेलं असतं. चाक वर-खाली होतं ते त्या लांब दांड्याच्या कमानीवर. फोर्डने होज अडकवायची पट्टी त्या कमानीचा हिशेब करून लावली होती. आता तुझ्या ट्रकला वर आखूड आणि खाली लांब असे दोन हात आहेत. चाकाची कमान वेगळी, स्टिअरिंगचा टोकापर्यंतचा वळसा वेगळा, कॅलिपरची जागाही वेगळी. आणि होजची पट्टी मात्र तू १९६६ सालच्या भोकातच ठेवलीस, कारण भोक आयतं होतं.

मी काय केलं ते सांगतो. पुढची दोन्ही चाकं लटकती ठेवून स्टिअरिंग डावीकडे टोकापर्यंत फिरवलं. उजव्या बाजूचा होज ताठ झाला, होज कॅलिपरला जोडणाऱ्या बॅन्जो बोल्टपाशी रबर ओढलं गेलं आणि लोखंडी टोपणाच्या कडेला त्याची घडी पडली. मग उजवीकडे फिरवलं. डाव्या चाकाच्या रिमची आतली कड होजला टेकली. तिथे रबरावर घासल्याची चकाकी आधीपासूनच आहे, म्हणजे अंगणातल्या चार वळणांतच ते सुरू झालं आहे. चाकं सरळ आणि ट्रक जमिनीवर असताना तू खाली डोकावलास, होज पोहोचतो आहे असं दिसलं, आणि तुझं समाधान झालं. होज पोहोचतो का, हा प्रश्नच चुकीचा होता. चाक पूर्ण वर गेलं, पूर्ण खाली आलं, या टोकाला वळलं, त्या टोकाला वळलं, आणि या सगळ्या गोष्टी एकदम झाल्या, तर होज कुठे जातो? हा प्रश्न होता. आणि तो सुटतो स्प्रिंग बसवण्याआधी. स्प्रिंगसकट शॉक बाहेर ठेवायचा, त्याच्या जागी काही नाही. खालच्या हाताला जॅक लावून चाक तळापासून वरच्या ठोकळ्यापर्यंत न्यायचं आणि प्रत्येक उंचीवर स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवायचं. होज हातात धरून बघायचा. पट्टीची जागा त्यानंतर ठरते, भोक त्यानंतर पाडायचं. मी हे वर्गात करून दाखवलं होतं. तू पहिल्या रांगेत होतास.

इथवरच थांबला असतास तर मी आवाज चढवला नसता. पण होज आखूड पडला म्हटल्यावर तू लांब होज आणला नाहीस, पट्टी सरकवली नाहीस. तू कॅलिपरांची अदलाबदल केलीस. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे, म्हणजे होजचं भोक थोडं जवळ येतं. आणि त्याबरोबर हवा काढायचा स्क्रू खाली गेला. हवा वर चढते, हे तुला मी शिकवायला हवं का? स्क्रू कॅलिपरच्या सर्वांत वरच्या जागी असला तरच हवा बाहेर पडते. खाली असेल तर बाटल्यांवर बाटल्या ब्रेक ऑइल ओत, वरच्या कप्प्यातला बुडबुडा तिथेच राहणार. तो राहिलाच. पेडल खोल जाऊ लागलं. मग तू काय केलंस? पेडल आणि मास्टर सिलेंडर यांच्यामधला पुशरॉड लांब केलास, म्हणजे पेडल वर आलं. आणि मला येऊन सांगितलंस, "सर, आता पेडल छान कडक लागतंय."

ते कडक का लागतंय ते ऐक. मास्टर सिलेंडरचा पिस्टन पूर्ण मागे आला की त्याच्यापुढचं एक बारीक भोक उघडतं आणि नळ्यांतलं ऑइल टाकीशी जोडलं जातं. ऑइल तापून फुगलं तर वाढीव ऑइल त्या भोकातून परत जातं. तुझा लांब रॉड पिस्टनला पूर्ण मागे येऊच देत नाही. भोक झाकलेलं राहतं. पाच-सात मैल चालवलं की डिस्क तापेल, ऑइल फुगेल, त्याला परतीची वाट नसेल, पॅड आपोआप दाबले जातील, त्याने डिस्क आणखी तापेल. हायवेवर ब्रेक न दाबता ट्रक स्वतःला धरू लागेल. आखूड होजमुळे कॅलिपर उलटले, उलट्या कॅलिपरमुळे हवा राहिली, हवेमुळे रॉड लांब झाला. प्रत्येक पायरीवर तुला थांबून मागे जाता येत होतं. तू प्रत्येक पायरीवर आधीची चूक झाकलीस. मला चीड आली ती याची. चूक शिकणाऱ्याकडून होते, त्यासाठीच वर्ग आहे. झाकणं वर्गात शिकवलं जात नाही.

आता मास्टर सिलेंडर. इंजिनखान्यात मूळ एकपदरी सिलेंडर तसंच ठेवलंस, का तर ट्रक जुना दिसायला हवा. एकपदरी म्हणजे चारही चाकांना एकच ऑइल. कुठेही एक जोड सुटला की चारही ब्रेक गेले, पेडल फळीला टेकलं. अमेरिकेत १९६७ च्या मॉडेलांपासून दुहेरी सिलेंडर सर्रास आलं आणि १९६८ पासून मोटारींसाठी तो केंद्रीय नियमच झाला, कारण एका नळीवर चार चाकांचा भरवसा ठेवून लोक मेले होते. तुझा ट्रक त्या बदलाच्या जेमतेम एक वर्ष आधीचा आहे. पुढचं सगळं सस्पेंशन एकविसाव्या शतकातलं लावायला तुला चाललं, आणि ज्याने जीव वाचतो ते एक सिलेंडर मात्र जुन्या रूपासाठी सोडलंस. शिवाय ते सिलेंडर चार ड्रमांसाठी बनवलेलं आहे. त्याच्या तोंडाशी आतच एक झडप असते, ती ड्रमच्या नळीत चौरस इंचाला साधारण दहा पौंडांचा दाब धरून ठेवते. ड्रमला परत ओढणाऱ्या स्प्रिंगा असतात, त्याला ते चालतं. डिस्कच्या पॅडला स्प्रिंग नसते; तेवढा दाब राहिला तरी पॅड डिस्कला घासत राहतात. आणि दोन पिस्टनच्या कॅलिपरला ऑइल जास्त लागतं, पॅड झिजतील तसं टाकीतलं ऑइल खाली जाणार. ती चिमुकली टाकी त्याला पुरणार नाही.

पुढे डिस्क, मागे ड्रम असेल तर दुहेरी मास्टर सिलेंडर आणि त्याच्यापाशी कॉम्बिनेशन व्हॉल्व्ह लागतो. मागच्या शूजना आपल्या स्प्रिंगा ओलांडायला थोडा दाब लागतो, तोवर पुढच्या डिस्कना क्षणभर थोपवणं हे त्याचं एक काम. जोरात ब्रेक मारला की मागचा दाब आवरणं हे दुसरं. रिकाम्या पिकअपचं मागचं वजन किती हलकं असतं हे तू पावसात चालवून बघितलंच आहेस. मागची चाकं आधी अडकली तर ट्रक फिरतो, आणि फिरलेला ट्रक स्टिअरिंगने सावरता येत नाही. तुझ्या ट्रकला असा व्हॉल्व्ह नाही. त्याच्या जागी पितळी टी आहे.

नळ्यांकडे येतो. तू म्हणालास, एवढासा तर दाब असतो. कागद घे आणि माझ्यासमोर लिही. घाबरून पाय दाबला तर ७५ पौंड सहज जोर लागतो. पेडलचं प्रमाण सहास एक, म्हणजे रॉडवर ४५० पौंड. एक इंची सिलेंडरचं क्षेत्रफळ ०.७८५ चौरस इंच. भागाकार कर. चौरस इंचाला सुमारे ५७० पौंड, तेही बूस्टर नसताना. उद्या बूस्टर लावलास की हा आकडा हजाराच्या पुढे जातो. घरातल्या पाण्याच्या नळात साधारण पन्नास-साठ पौंड असतात. आणि तू मागच्या नळीचा जोड नळदुरुस्तीच्या दुकानातल्या कॉम्प्रेशन फिटिंगने केला आहेस, त्यावर पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळून.

कॉम्प्रेशन फिटिंग नळीला बाहेरून एका कड्याने आवळून धरतं. ब्रेकचा दाब येतो-जातो, चेसिस थरथरते, आणि कड्यातून नळी हळूहळू बाहेर सरकते. म्हणून ते ब्रेकमध्ये चालत नाही, कुठल्याही परिस्थितीत नाही, तात्पुरतंसुद्धा नाही. टेपचं सांगायचं तर ब्रेकच्या नळीत गळती आट्यांवर थांबत नाही. नळीचं तोंड आत दुमडून फुलवलेलं असतं, तोच फ्लेअर; ते समोरच्या शंकूवर धातूला धातू भिडून बसतं, तिथे थांबते. आटे फक्त दाबून धरतात. टेपने आटे गुळगुळीत होतात, नट गरजेपेक्षा जास्त पिळला जातो, आणि टेपचा तंतू तुटून आत गेला तर नेमका त्या बारीक भोकात अडकतो ज्याबद्दल आत्ता सांगितलं.

डाव्या होजपाशी तू एक अडॅप्टर लावला आहेस. तो मी काढला. तुझ्या नळीच्या नटाला ३/८ इंचाचे आटे आहेत, इंचाला चोवीस. अडॅप्टर १० मिलिमीटरचा, आट्यांत अंतर १ मिलिमीटर. आता हिशेब: ३/८ इंच म्हणजे ९.५२ मिलिमीटर आणि आट्यांचं अंतर १.०६. म्हणजे तुझा नट त्या भोकात जातो, फिरतो, आवळल्यासारखाही वाटतो. पण आटे फक्त टोकांवर धरलेले आहेत. जोरात दाब आला की ते सोलून निघतील. त्याशिवाय त्या अडॅप्टरची बैठक बबल फ्लेअरसाठी आहे आणि तुझ्या नळीला पंचेचाळीस अंशांचा डबल फ्लेअर आहे. दोन्ही एकमेकांवर बसूच शकत नाहीत. कपाटातल्या पेटीत माप घेण्याच्या पट्ट्या आणि आटे मोजायची पानं आहेत. ती कुलुपात नाहीत.

तुझे फ्लेअर मी भिंगाखाली धरले. सातपैकी एकाला बारीक तडा आहे, दोन एका बाजूला झुकलेले आहेत. कारणही दिसतं: नळी हॅक्सॉने कापलेली, तोंड तिरकं, कापल्याची आतली खरखरीत कड, म्हणजे बर, तशीच. कटरने काप, दरवेळी थोडं थोडं आवळत, म्हणजे नळी चेपणार नाही. आतून आणि बाहेरून बर काढ. नट योग्य दिशेने आधी नळीवर घाल. ठोकळ्यातून नळी साच्याच्या खांद्याइतकीच वर ठेव, एक थेंब तेल लाव, पहिला दाब, मग दुसरा. झाल्यावर नळीत हवा मार, कारण धातूचा एक कण कॅलिपरच्या सीलमध्ये गेला तरी पुरे. वाकडा फ्लेअर आवळून सरळ होत नाही. तो कापून फेकायचा असतो आणि नवा करायचा असतो. म्हणूनच नळी मापापेक्षा थोडी लांब कापायला सांगतो.

नळी कुठली घ्यायची, हे तू मला विचारलंच नाहीस. विचारलं असतंस तर सांगितलं असतं: मिशिगनात राहतोस, तांबे-निकेलची घे. रस्त्यावर हिवाळ्यात मीठ पडतं. साधी पोलादी नळी क्लिपखाली, जिथे ओला चिखल साठतो, तिथे पोखरली जाते आणि बाकी ठिकाणी धड दिसते. जनरल मोटर्सच्या १९९९ ते २००३ च्या पिकअप आणि एसयूव्हींच्या गंजलेल्या ब्रेक नळ्यांची केंद्रीय वाहन सुरक्षा खात्याने काही वर्षं चौकशी केली. २०१५ च्या एप्रिलमध्ये ती बंद केली तेव्हा गाड्या परत बोलावल्या नाहीत, पण मिठाच्या राज्यांतल्या मालकांना गाडीचा तळ धुवायला आणि नळ्या तपासायला सांगितलं. तांबे-निकेलला हा गंज लागत नाही आणि ती हातानेही वळते. निव्वळ तांब्याची नळी मात्र ब्रेकला लावू नकोस. थरथरीने ती कडक होते आणि तडकते. गॅरेजच्या कोपऱ्यात तुझ्या नावाची एसीची तांब्याची गुंडाळी पडलेली मी बघितली आहे. ती घरी घेऊन जा.

आणि झिप टाय. मागच्या अॅक्सलपर्यंतची अख्खी नळी तू प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी चेसिसला बांधली आहेस, एका ठिकाणी तर एक्झॉस्टपासून दोन बोटांवर. प्लॅस्टिक उन्हाने आणि थंडीने ठिसूळ होतं, तुटतं, आणि सुटलेली नळी थरथरून तिसऱ्याच ठिकाणी तुटते. रबर लावलेल्या धातूच्या क्लिपा लाव, साधारण फूट-दीड फुटावर एक. नळी चेसिसच्या आतल्या बाजूने ने, जिथे दगड लागत नाही. एक्झॉस्टपासून लांब ने. जमलंच नाही तर मध्ये पत्र्याचा आडोसा दे.

मास्टर सिलेंडर केबिनच्या भिंतीवर आहे आणि बाकीच्या नळ्या चेसिसवर. केबिन रबराच्या पायांवर बसते. खड्ड्यातून जाताना केबिन एकीकडे हलते, चेसिस दुसरीकडे पिळते. या दोघांच्या मधल्या नळीला तू सरळ, आखूड आणि ताठ ठेवलं आहेस. दिसायला नीटनेटकी आहे. पण प्रत्येक खड्ड्यात तिची तोंडं वाकतात आणि फ्लेअरच्या मानेशी ती तुटेल. तिथे नळीला एक-दोन वेटोळी दे, आडवी, म्हणजे त्यात हवा अडकणार नाही. कारखान्यातून येणाऱ्या गाड्यांत ही वेटोळी उगाच नसतात.

होजबद्दल एक राहिलं. मागच्या अॅक्सलवरचा होज कुठल्या कंपनीचा आहे? त्यावर काहीही छापलेलं नाही. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीच्या होजवर डॉट ही अक्षरं छापलेली असतात आणि त्यामागे केंद्रीय मानक क्रमांक १०६ असतं. त्या मानकात होजच्या नमुन्याला चौरस इंचाला चार हजार पौंडांच्या दाबाखाली दोन मिनिटं धरतात, आणि एका यंत्रावर सलग पस्तीस तास झुलवतात, कारण चाकापाशी होजचं आयुष्य तसंच जातं. ज्याच्यावर नाव नाही, त्याला या चाचणीतून कोणी नेलं हे तू सिद्ध करू शकत नाहीस. तो काढ.

तू मला काल म्हणालास, मिशिगनात गाडीची वार्षिक तपासणी नाहीच, पोलीस काही खाली वाकून बघत नाहीत. बरोबर, इथे ती सक्ती नाही. म्हणजे तुझ्या ट्रकखाली शेवटचे डोळे तुझेच आहेत. तुझ्यानंतर कोणी नाही. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझ आहे, तिथे ट्रक न्यायचा म्हणून तुझी घाई चालली आहे, हे मला माहीत आहे. वुडवर्ड अॅव्हेन्यूवर त्या दिवशी रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून माणसं बसतात. मुलं जुन्या गाड्यांचे फोटो काढायला फुटपाथवरून खाली उतरतात. गाड्या हळू जातात, थांबतात, पुन्हा निघतात. दिवसभर ब्रेक, ब्रेक आणि ब्रेक. ऑइल तापवायला याहून चांगली जागा नाही. शेजारच्या सीटवर तुझी मुलगी असेल. तू मला तिचा फोटो दाखवलास, त्या ट्रकच्या पायरीवर बसलेली. मी तो फोटो बघितल्यावरच ट्रक लिफ्टवर घ्यायचं ठरवलं.

आता कामाचं बोलू. उद्यापासून ट्रक इथून हलणार नाही. सामान आण: दुहेरी मास्टर सिलेंडर, कॉम्बिनेशन व्हॉल्व्ह, तांबे-निकेलच्या ३/१६ इंची नळीची गुंडाळी, डॉट छापलेले पुढचे दोन आणि मागचा एक होज, बॅन्जोसाठी नव्या तांब्याच्या चकत्या, रबरी क्लिपा, डॉट ४ ऑइलच्या बंद बाटल्या. उघडलेली बाटली आणू नकोस, ते हवेतलं पाणी ओढतं. फ्लेअर नट सोडायला लाइन पाना आण, उघड्या तोंडाच्या पान्याने तू निम्म्या नटांचे कोपरे गोल केले आहेस. पुशरॉड मूळ लांबीवर आण, टोकाशी किंचित मोकळीक राहिली पाहिजे.

शनिवारी सकाळी पुढचे शॉक उतरवायचे. कॅलिपर आपापल्या बाजूला. चाकांचा सगळा प्रवास हाताने फिरवून होजच्या पट्टीची जागा मार्करने खूण करायची, मग मला बोलवायचं, मी बघितल्यावरच भोक पाडायचं. नळ्या जोडल्यावर मास्टर सिलेंडर आधी शिकंज्यात धरून हवा काढायची. मग चाकांची: मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं. पेडलवर मी बसेन, खाली तू, प्रत्येक जोडाला कोरडा पांढरा कागद लावून. अर्धं मिनिट पूर्ण जोर. कागदावर ओल दिसली तर तो जोड खोलायचा आणि फ्लेअर कापायचा. ट्रक आवारात चालवून, तापवून, थंड करून तोच कागद पुन्हा सगळीकडे. ऑगस्टच्या आत होईल का, ते मला विचारू नकोस.